शाळा जुनी, लेखिका नवी: मुखपृष्ठावर नाव कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मुलींच्या निवासी शाळांवरील जुन्या इंग्रजी कथामालांविषयी जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. मूळ लेखिका हयात नसताना दुसऱ्या कोणी तिच्या शाळेची आणि तिच्या मुलींची गोष्ट पुढे चालवणे ही निव्वळ दुकानदारी आहे, आणि शाळांच्या ग्रंथालयांनी अशी पुस्तके घेऊच नयेत, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात आणि त्याच शाळेच्या वसतिगृहाचे व ग्रंथालयाचे काम पाहण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवावरून हे मत सरसकट मान्य करणे मला जड जाते. पुढे लिहिण्यात मुळात गैर काही नाही. मात्र पुढे लिहिणारीचे नाव मूळ लेखिकेच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत मुखपृष्ठावर हवे, आणि आपण कोणाचे लिखाण वाचणार आहोत हे वाचणाऱ्या मुलीला पुस्तक उघडण्यापूर्वी कळायला हवे, एवढी एक अट मी घालीन. सध्या ही अट आपल्याला दूरदेशीची वाटेल. परंतु १ जानेवारी २०२९पासून ती मराठी प्रकाशकांच्या आणि आपल्या ग्रंथालयांच्याही दाराशी येणार आहे. त्याचे कारण पत्राच्या ओघात येईलच.

शाळेच्या कथामालेला पुढचे पुस्तक जोडावे असे लोकांना का वाटते, हे आधी पाहिले पाहिजे. रहस्यकथांतली मुले वर्षानुवर्षे एकाच वयाची राहतात. प्रत्येक सुटीत नवा चोर सापडतो आणि कोणाचा वाढदिवस येत नाही. शाळेच्या गोष्टीला हे जमत नाही, कारण तिथे सत्र संपते, परीक्षा होते, मुलगी वरच्या वर्गात जाते आणि शेवटी शाळा सोडते. त्यामुळे लेखिकेने एखादे वर्ष गाळले तर ते वाचकाला लगेच दिसते, आणि नायिका शाळेबाहेर पडली तरी शाळा मात्र तिथेच उभी असते, तिच्यात जूनला (इंग्लंडात सप्टेंबरला) नव्या मुली दाखल होतच असतात. पुढच्या पुस्तकाची जागा अशा कथामालेच्या बांधणीतच मोकळी असते.

इंग्रज बाललेखिका एनिड ब्लायटन यांची सेंट क्लेअर्स ही कथामाला याचे उत्तम उदाहरण आहे. १९४१ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत त्यांनी या शाळेवर सहा पुस्तके लिहिली. पॅट आणि इझाबेल या ओसलिव्हन जुळ्या बहिणी नाके मुरडत या साध्या शाळेत येतात आणि हळूहळू तिथल्याच होऊन जातात, ही तिची कथा. पहिली तीन पुस्तके पहिल्या वर्गातल्या तीन सत्रांची, चौथे दुसऱ्या वर्गाचे, आणि पाचव्यात क्लॉडीन नावाची फ्रेंच मुलगी येते तेव्हा जुळ्या एकदम चौथ्या वर्गात पोचलेल्या असतात. तिसरा वर्ग कोठेच नाही. पाचव्या वर्गाच्या पुस्तकाच्या शेवटी मुख्याध्यापिका मिस थिओबाल्ड दोघी बहिणींना मिळून शाळेच्या प्रमुख विद्यार्थिनी नेमतात, पण ते प्रमुखपदाचे वर्ष ब्लायटन यांनी लिहिलेच नाही. आमच्या वसतिगृहातल्या शहादा तालुक्याच्या एका मुलीने चौथे आणि पाचवे पुस्तक लागोपाठ संपवून मला विचारले होते, ‘मॅडम, मधला वर्गनं पुस्तक कोठे शे?’ त्या वेळी ते जगात कोठेच नव्हते. पुढे २०००मध्ये पामेला कॉक्स या ब्रिटिश लेखिकेने तिसऱ्या आणि सहाव्या वर्गाची दोन पुस्तके लिहिली आणि २००८मध्ये चौथ्या वर्गातल्या किटी या मुलीवर आणखी एक लिहिले. मूळ लेखिकेने ज्या खोलीचे दार उघडे ठेवले होते, त्या खोलीत कॉक्स गेल्या. भिंत फोडून नवी खोली काढली नाही. याला दुकानदारी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ब्लायटन यांच्याच मॅलरी टॉवर्स या दुसऱ्या शाळेच्या मालेची बाब याहून नाजूक आहे. कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यावरची चार बुरुजांची ही शाळा, खडकांत भरतीच्या पाण्याने भरणारा तिचा पोहण्याचा तलाव, डॅरेल रिव्हर्सचा भडकू स्वभाव, लटकी दुखणी काढणारी ग्वेंडोलिन, नकला करणारी अलिशिया आणि भित्री मेरी-लू ही मंडळी १९४६ ते १९५१ या काळात दरवर्षी एक अशा सहा पुस्तकांतून आली. येथे एकही वर्ग गाळलेला नाही. डॅरेल पहिल्या दिवशी गाडीत बसते तिथे माला सुरू होते आणि ती शाळा सोडते तिथे संपते. म्हणजे भरायला रिकामी जागा नव्हती. तरीही चौथ्या पुस्तकात ब्लायटन यांनी डॅरेलची धाकटी बहीण फेलिसिटी आणि अलिशियाची खोडकर चुलतबहीण जून या दोघींना शाळेत आणून बसवले होते, आणि डॅरेल निघाली तेव्हा त्या दोघी अजून खालच्या वर्गातच होत्या. कॉक्स यांनी २००९मध्ये जी सहा पुस्तके लिहिली, ती या दोघींना धरून तिसऱ्या वर्गापासून पुढे जातात.

या सहा पुस्तकांविषयी माझे मत संमिश्र आहे. जून त्यांना चांगली सापडली आहे. जिच्या हातून खोडी सुटत नाही आणि जिला दुसऱ्याचे दुःख उशिरा कळते, अशा मुलीला सहा पुस्तके सांभाळून नेणे सोपे नसते. फेलिसिटी मात्र मला शेवटपर्यंत डॅरेलची धाकटी बहीणच वाटत राहिली, आणि हा दोष काही प्रमाणात ब्लायटन यांच्याकडेही जातो, कारण त्यांनी तिला समजूतदारपणाखेरीज फारसे काही दिलेच नव्हते. ब्लायटन यांचा राग खराखुरा असतो. त्यांची डॅरेल संतापते तेव्हा वाचणाऱ्या मुलीला तिची भीती वाटते. कॉक्स यांच्या मुलींची भांडणे लवकर मिटतात. साऱ्या जणी थोड्या अधिक शहाण्या झाल्या आहेत. जुन्या शाळेत शिरताना नव्या लेखिकेला भिंतीला हात लावायची भीती वाटते, आणि ती भीती पानापानांतून दिसते.

खरा वाद ग्वेंडोलिनचा आहे. ब्लायटन यांनी शेवटच्या पुस्तकात तिला कडक धडा दिला. स्वित्झर्लंडच्या उंची शाळेत जाण्याचा हट्ट धरून तिने वडिलांशी भांडण केले, वडील गंभीर आजारी पडले, आणि तिला सत्र अर्धे टाकून घरी जावे लागले. लहानपणी हे वाचणाऱ्या बहुतेकींना ते योग्यच वाटते. मोठेपणी वाचले की शाळेने त्या मुलीला सहा वर्षांत काहीच शिकवले नाही का, असा प्रश्न पडतो. कॉक्स यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात याच ग्वेंडोलिनला शिकवण्यासाठी मॅलरी टॉवर्समध्ये परत आणले आहे. मूळ लेखिकेने ज्या पात्राचा निकाल लावून फाईल बंद केली, ती फाईल पुन्हा उघडण्याचा अधिकार दुसऱ्या लेखिकेला आहे का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर: हा निकाल कॉक्स यांचा आहे, ब्लायटन यांचा नाही, हे वाचणारीला ठाऊक असले पाहिजे. ग्वेंडोलिन सुधारली की नाही हे ब्लायटन यांनी सांगितलेले नाही. ते सांगितले असे समजून जी मुलगी पुस्तक मिटते, तिची फसवणूक झालेली असते, आणि पुस्तक चांगले असले म्हणून ती फसवणूक कमी होत नाही.

आता दुकानात जाऊन ही पुस्तके हाती घेतली तर काय दिसते? मुखपृष्ठावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती ब्लायटन यांची ती वळणदार स्वाक्षरी. पामेला कॉक्स हे नाव शोधावे लागते. आपल्याकडे एकत्रित संग्रहांच्या रूपात ही माला मिळते, तेव्हा पहिल्या दोन संग्रहांत ब्लायटन यांची सहा आणि पुढच्या दोन संग्रहांत कॉक्स यांची सहा पुस्तके असतात. पण चारही संग्रहांची ठेवण सारखी, स्वाक्षरी सारखी आणि अनुक्रम सलग. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत अशा पुस्तकाची नोंद घेणारा कर्मचारी लेखकाच्या रकान्यात काय लिहितो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो मोठ्या अक्षरांतले नाव लिहितो. त्याचा दोष नाही. मुखपृष्ठाने त्याला तसेच सांगितलेले असते. यात कॉक्स यांच्यावरही अन्याय होतो, कारण नऊ पुस्तकांची मेहनत करूनही आपल्याकडच्या नोंदवहीत त्या अस्तित्वातच नसतात.

जर्मनीत ही गोष्ट कोठल्या टोकाला जाऊ शकते ते दिसले. तिथे सेंट क्लेअर्सच्या जुळ्या हॅनी आणि नॅनी या नावांनी घरोघरी पोचल्या, आणि मॅलरी टॉवर्सची डॅरेल डॉली झाली. मूळ पुस्तके संपली तरी मागणी संपेना, तेव्हा तिथल्या लेखकांकडून पुढची पुस्तके लिहवून घेतली गेली आणि ती वर्षानुवर्षे ब्लायटन यांच्याच नावावर विकली गेली. डॉली पुढे मोठी होऊन त्याच शाळेत वसतिगृह सांभाळायला येते आणि तिचे लग्नही लागते. ब्लायटन यांनी यातले अक्षरही लिहिलेले नाही. जर्मन मुलींच्या दोन पिढ्या ही पुस्तके ब्लायटन यांची म्हणून वाचत मोठ्या झाल्या. कॉक्स यांच्या पुस्तकांवर निदान त्यांचे नाव आहे, भले बारीक अक्षरांत असेल. जर्मन पुस्तकांत तेही नव्हते. आपल्या पुरवणीतल्या लेखकाने या दोन्हींना एकाच मापाने मोजले, ते मला पटले नाही.

याच्या उलट बाजूला ‘शॅले स्कूल’ ही कथामाला आहे. आपल्याकडे ती फारशी कोणी वाचत नाही, पण या चर्चेत ती टाळून चालणार नाही. एलिनॉर ब्रेंट-डायर यांनी १९२५मध्ये ती सुरू केली आणि अखेरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७०मध्ये निघाले. सारी मिळून साठच्या आसपास पुस्तके. मॅज बेटनी ही तरुण इंग्रज बाई ऑस्ट्रियातल्या टायरोलच्या डोंगरांत एका तळ्याकाठी शाळा काढते. शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांचे दिवस ठरलेले असतात, आणि जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहते. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा या कथामालेला न पाहिल्यासारखे करता आले असते. ब्रेंट-डायर यांनी तसे केले नाही. १९४०मध्ये निघालेल्या पुस्तकात एका वृद्ध ज्यू सोनाराला जमाव मारहाण करतो, शाळेतल्या मुली मध्ये पडतात आणि त्यामुळे त्यांना देश सोडून पळावे लागते. इंग्लंडातच लहान मुलींसाठी, युद्ध चालू असताना, हे लिहिले गेले. पुढे शाळा ग्वेर्नसी बेटावर, मग वेल्सच्या सीमेवर, मग एका लहान बेटावर आणि अखेर स्वित्झर्लंडमध्ये जाते.

पंचेचाळीस वर्षे आणि साठ पुस्तके म्हटल्यावर मध्ये पोकळ्या राहणारच. काही वर्षे गाळली गेली, काही पात्रांची वये जुळेनात, काहींची नावेही पुस्तकागणिक थोडी थोडी बदलली. त्यात साठच्या दशकापासून निघालेल्या स्वस्त कागदी आवृत्त्यांनी मजकूर कापून टाकला. या कथामालेच्या निष्ठावंत वाचकांनी, ज्यांत पुष्कळशा आता स्वतःच आज्या झालेल्या आहेत, दोन कामे केली: लहान प्रकाशनसंस्था काढून मूळ पूर्ण मजकूर पुन्हा छापला, आणि गाळलेल्या वर्षांची पुस्तके स्वतः लिहिली. ब्रेंट-डायर यांच्या चरित्रकार हेलन मॅक्लेलंड यांनी १९९५मध्ये असे एक पुस्तक लिहिले, त्यानंतर इतर अनेकींनी. ही पुस्तके लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या नावाने निघतात आणि वाचणाऱ्यांनाही ती कोणाची ते पक्के ठाऊक असते. म्हणूनच तिथे मतभेदही मोकळेपणाने होतात. मेरिन विल्यम्स यांनी १९९८मध्ये या मुलींना प्रौढ वयाच्या संसारातल्या दुःखांपर्यंत नेणारे पुस्तक लिहिले, तेव्हा पुष्कळ वाचक संतापले आणि काहींना ते फार आवडले. पण कोणाचीही फसवणूक झाली नाही. ज्यांना ते नको होते त्यांनी ब्रेंट-डायर यांचे शेवटचे पुस्तक हाच शेवट मानला. वाचकाला एवढे स्वातंत्र्य मिळाले की पुढे कोण काय लिहितो याची मला फारशी चिंता वाटत नाही.

आणखी एक नमुना सांगते. २०१९मध्ये पॅट्रिस लॉरेन्स, लूसी मँगन, नरिंदर धामी आणि रेबेका वेस्टकॉट या चौघींनी मॅलरी टॉवर्सच्या जुन्याच दिवसांत बसवलेल्या चार कथांचे एक पुस्तक केले. त्यातल्या एका कथेत भारतातून आलेली मुलगी आहे. ब्लायटन यांच्या मूळ सहा पुस्तकांत फ्रेंच शिक्षिका आहेत, अमेरिकन मुलगी आहे, पण ज्या देशावर त्या काळी इंग्रजांचे राज्य होते तिथली मुलगी नाही. १९४६ साल डोळ्यांसमोर आणा. भारतात नोकरी करणारे इंग्रज अधिकारी आपल्या मुली अशाच शाळांत ठेवत होते, म्हणजे आपला देश त्या शाळांच्या फीच्या पावत्यांत होता आणि गोष्टींत नव्हता. ही उणीव मूळ लेखिकेच्या नावाने गुपचूप मजकूर बदलून भरून काढता आली असती. चौघींनी तसे न करता आपापल्या नावाने नवी कथा लिहिली. माझ्या मते जुन्या पुस्तकाशी वाद घालण्याची हीच सभ्य रीत आहे. मजकूर बदलण्याचा अनुभव ब्लायटन यांच्या दुसऱ्या एका मालेत प्रकाशकांनी घेतलाच होता: २०१०मध्ये ‘फेमस फाइव्ह’ची भाषा आजच्या मुलांसाठी म्हणून बदलली आणि वाचकांनी नाकारल्यावर २०१६मध्ये जुना मजकूर परत आणला.

आता २०२९कडे येते. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. ब्लायटन २८ नोव्हेंबर १९६८ रोजी वारल्या. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२८ रोजी भारतात त्यांच्या लिखाणावरचा हक्क संपेल आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीही मराठी प्रकाशक त्यांच्या पुस्तकांचे भाषांतर परवानगीशिवाय काढू शकेल. ब्रिटनमध्ये मुदत सत्तर वर्षांची असल्यामुळे तिथे आणखी दहा वर्षे थांबावे लागेल. ब्रेंट-डायर १९६९मध्ये वारल्या, त्यांची पुस्तके आपल्याकडे आणखी एका वर्षाने खुली होतील. मराठी बालसाहित्याच्या बाजारात या घटनेचे पडसाद उमटल्याशिवाय राहणार नाहीत. साने गुरुजींच्या पुस्तकांवरचा हक्क २०१०च्या अखेरीस संपला, त्यानंतर निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आल्या. त्यात स्वस्त आणि चांगल्या होत्या तशा कापून छोट्या केलेल्याही होत्या, आणि मुलांच्या हाती कोणती पडावी हे कोणीच ठरवले नाही.

ब्लायटन यांच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा होईल, आणि तो मुखपृष्ठावरच्या नावातूनच होईल. खुली होणारी पुस्तके फक्त ब्लायटन यांनी स्वतः लिहिलेली आहेत. कॉक्स यांची नऊ पुस्तके, किंवा ब्लायटन यांच्या ‘नॉटिएस्ट गर्ल’ या शाळेच्याच मालेची अॅन डिग्बी यांनी १९९९पासून लिहिलेली पुढची पुस्तके, पुढची कित्येक दशके हक्काखालीच राहतील. बारा पुस्तकांचा संच समोर ठेवून, सगळीकडे एकच स्वाक्षरी पाहून, कोणा भाषांतरकाराने सातव्या पुस्तकालाही हात घातला तर तो चोरीचा मामला होईल. ब्लायटन यांची स्वाक्षरी हे व्यापारचिन्ह आहे, आणि साहित्यावरचा हक्क संपला म्हणून व्यापारचिन्ह आपोआप मोकळे होत नाही, हेही मराठी प्रकाशकांनी वेळेवर वकिलाला विचारून घ्यावे. याखेरीज कायद्याच्या कलम ५७प्रमाणे लिखाणाची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाधा आणण्याविरुद्ध त्याला आणि त्याच्या वारसांना वेगळे संरक्षण आहे. मराठीत ‘मॅलरी टॉवर्सची पुढची गोष्ट’ लिहिण्याचा मोह कोणाला झाला, आणि तो होईल, तर त्याने ती स्वतःच्या नावाने लिहावी. ब्लायटन यांचे नाव लावून लिहिली तर जर्मनीत जे झाले तेच मराठीत होईल, फक्त कागद हलका असेल.

हा विषय खानदेशातल्या वर्तमानपत्रात कशाला, असे कोणी विचारील. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुली पाचगणीत किंवा मसुरीत असतात असा शहरी समज आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत हजारो मुली घरापासून दूर राहतात. त्यांचे आईवडील ऊसतोडीला किंवा कामासाठी गुजरातेत गेलेले असतात. घरी त्या भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. पहाटेची घंटा, आंघोळीची रांग, जेवणाची रांग, रात्रीची हजेरी, स्त्री अधीक्षिकेची फेरी, पालकभेटीच्या दिवशी फाटकाकडे लागलेले डोळे आणि ज्यांच्याकडे कोणी आले नाही त्यांनी उगाच काढलेले धुणे, हे सारे कॉर्नवॉलच्या कड्यावरच्या श्रीमंत मुलींच्या शाळेपासून फार लांब आहे. तरी रात्री दिवे गेल्यावर घरून आलेले बिबडे आणि लसणाची चटणी वाटून खाणाऱ्या आमच्या मुलींना मॅलरी टॉवर्समधली मध्यरात्रीची चोरटी मेजवानी समजावून सांगावी लागली नाही. भांडण झाल्यावर ज्या मैत्रिणीचे तोंड पाहायचे नाही तिच्याच शेजारी झोपायचे असते, ही अडचण दिवसा घरी परतणाऱ्या मुलांच्या गोष्टींत सापडत नाही. म्हणून या मालांची चांगली मराठी भाषांतरे २०२९नंतर आमच्या आश्रमशाळांत यावीत, असे मला मनापासून वाटते, आणि ती खोट्या नावाने येऊ नयेत, असेही.

वसतिगृहातल्या मुलांसाठी लिहिण्याची परंपरा खानदेशाला परकी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथले छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक काढत. त्याहून जवळचा वाचक कोणा लेखकाला मिळाला असेल असे मला वाटत नाही. ते छात्रालय मुलांचे होते. मुलींच्या वसतिगृहाचे तसे दैनिक कोणी लिहिले असते तर आज आपल्याला पुढे चालवायला आपली स्वतःची एखादी शाळा असती, आणि कॉर्नवॉलकडे पाहायची गरज थोडी कमी पडली असती. आमच्या भागातल्या आश्रमशाळांत शिकून आता स्वतः शिक्षिका, परिचारिका, पोलीस झालेल्या मुली आहेत. ती शाळा त्या लिहू शकतील. पण ते वेगळ्या पत्राचे काम आहे.

तूर्त माझी विनंती मर्यादित आहे. मराठी प्रकाशकांनी २०२९च्या तयारीला लागताना मूळ पुस्तके आणि नंतरच्या लेखिकांची पुस्तके यांची यादी आधी वेगळी करावी, आणि पुढे लिहिणारीचे तसेच भाषांतर करणारीचे नाव मुखपृष्ठावरच छापावे. शाळांच्या ग्रंथालयांनी आज कपाटात असलेल्या कॉक्स आणि डिग्बी यांच्या पुस्तकांच्या नोंदी तपासून लेखकाच्या रकान्यातले नाव दुरुस्त करावे. नोंदवही, लाल शाई आणि एक दुपार एवढे या कामाला पुरेल. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीत अशा पुस्तकांपुढे मूळ कथामालेची लेखिका आणि त्या पुस्तकाची लेखिका अशी दोन्ही नावे स्वतंत्र रकान्यांत यावीत, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)